शालेय ग्रंथालय आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने संस्कृती, परंपरा किंवा बृहन्महाराष्ट्राचे भवितव्य यांसारखा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. आम्ही मात्र ‘शाळेचे ग्रंथालय कसे वापरावे’ हा विषय कार्यवाहांना कळविला, तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. आम्ही ग्रंथालयशास्त्राचे तज्ज्ञ नव्हे. साधे बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांत पाहिले. आमच्या मुलांच्या शाळा प्रत्येक बदलीबरोबर बदलत गेल्या, आणि त्या प्रत्येक शाळेत ‘ग्रंथालय’ अशी पाटी असलेली एक खोली होती. त्या खोलीत काय आहे आणि तिचा उपयोग कोण करतो, हे विचारण्याची सवय आम्हांस लागली. आजचे भाषण हे त्या सवयीचे फळ आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नववी ते बारावी या चार वर्षांत आपल्या मुलाला जे मिळते, ते पुढे क्वचितच कोणाला मिळते : हाकेच्या अंतरावर ग्रंथसंग्रह, त्यातून वाट दाखविण्यासाठी नेमलेला माणूस आणि त्यासाठी राखून ठेवलेला वेळ. असे असूनही अनेक मुले त्या खोलीचा खराखुरा उपयोग न करताच शाळेबाहेर पडतात. याचे कारण मुलांचा आळस हे आहे, असे आम्हांस वाटत नाही. ग्रंथालय वापरावयाचे असते आणि ते शिकावे लागते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. शिवाय पुष्कळ ठिकाणी आपण मोठ्या माणसांनी त्या खोलीला कुलूप घातलेले असते.

हे दुखणे आजचे नव्हे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपला अहवाल सादर केला. त्यात शालेय ग्रंथालयांचे जे वर्णन आहे, ते वाचताना आजही मन ओशाळते. पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता निवडलेली, जागा अपुरी आणि उदास, आणि व्यवस्था एखाद्या कारकुनाकडे किंवा ज्याला ग्रंथांची ना आवड ना माहिती अशा शिक्षकाकडे सोपविलेली, असा त्याचा आशय होता. त्यानंतर बराच पल्ला गाठला गेला, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरील पुस्तके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट नमूद आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा असला, तरी हायस्कुलाने त्याहून कमी ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कायद्याने खोली मिळते, पुस्तकेही मिळतात. त्यांचा वापर मात्र कायद्याने होत नाही.

तेव्हा प्रथम, आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी, त्या खोलीत काय काय असते ते पाहू.

शाळेच्या ग्रंथालयातील साहित्य सामान्यतः तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार घरी नेता येणाऱ्या पुस्तकांचा. त्याचा व्यवहार देवघेव विभागात चालतो. दुसरा प्रकार संदर्भग्रंथांचा, म्हणजे शब्दकोश, विश्वकोश, चरित्रकोश, नकाशासंग्रह आणि वार्षिके यांचा. हे ग्रंथ घरी मिळत नाहीत, ते तेथेच बसून पाहावयाचे असतात. तिसरा प्रकार वृत्तपत्रे व नियतकालिके यांचा. अनेक ठिकाणी त्यांतील कात्रणे विषयवार चिकटवून ठेवलेली असतात, आणि वादविवाद स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या कात्रणांचे मोल कळते. आता बहुतेक मोठ्या शाळांत संगणकही आला आहे. त्याविषयी पुढे बोलू.

साहित्याइतकीच महत्त्वाची असते ती सेवा. हवे असलेले पुस्तक दुसऱ्याकडे गेले असेल तर आपले नाव नोंदवून ठेवता येते. नसलेले पुस्तक मागविण्याची सूचना करता येते. ग्रंथपालांस प्रश्न विचारता येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या ग्रंथात सापडेल हे सांगणे हे त्यांचे कामच असते. त्याला संदर्भसेवा म्हणतात. हा आपल्यावर केलेला उपकार नव्हे, त्यामुळे विचारताना संकोच नको. मात्र प्रश्न नीट विचारावा. ‘सर, इतिहासाचे एखादे पुस्तक द्या’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कपाटातले पहिले पुस्तक पडते. ‘अठराव्या शतकात दिल्लीवर मराठ्यांचा अंमल किती वर्षे होता, हे मला पाहावयाचे आहे’ असे म्हणणाऱ्यासाठी ग्रंथपाल खुर्चीवरून उठतात.

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरील आकड्यांचे मुलांना कोडे वाटते. तो वर्गांक होय. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा विभाग केले आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक शाळा तीच पद्धत वापरतात. पाचशेच्या घरात विज्ञान, सहाशेत तंत्रविद्या, आठशेत साहित्य, नऊशेत इतिहास व भूगोल. ज्याला पक्ष्यांविषयी वाचावयाचे आहे त्याने ५९८ पाहावे. ज्याला क्रिकेटविषयी वाचावयाचे आहे त्याने ७९६. हिंदुस्थानचा इतिहास ९५४ वर. आणि आपणा सर्वांसाठी एक आकडा आम्ही मुद्दाम सांगतो : ८९१.४६. हा मराठी साहित्याचा वर्गांक आहे. जगात जेथे जेथे ही पद्धत चालते, तेथे या आकड्यापाशी मराठीची जागा राखलेली आहे. आपल्या मुलाच्या शाळेत त्या जागी एखादे पुस्तक आहे की नाही, हे आपण पाहावे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शाळांत ती जागा रिकामी होती.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अकरावीतील विद्यार्थ्यास ‘दिल्ली आणि मराठे’ या विषयावर प्रकल्प करावयाचा आहे. आजची रीत अशी की, भ्रमणध्वनीवर चार शब्द टाकावयाचे, समोर आलेला मजकूर उतरवून घ्यावयाचा, आणि चित्रे चिकटवून वही सादर करावयाची. शिक्षकही गुण देतात. या मार्गाने वही तयार होते. विद्यार्थी तयार होत नाही.

ग्रंथालयाचा मार्ग निराळा आहे. प्रथम विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता वीस खंडांत पूर्ण झाला असून तो संगणकावरही विनामूल्य वाचता येतो. तेव्हा शाळेत त्याचे खंड नाहीत ही सबब उरलेली नाही. तेथून विषयाचा सांगाडा हाती येतो : १७३७ साली पहिल्या बाजीरावाची दिल्लीवर धडक, १७६१ चे पानिपत, १७७१ साली मराठ्यांनी पुन्हा घेतलेली दिल्ली, त्यापुढल्याच वर्षी बादशहा शाहआलमचे राजधानीत पुनरागमन, आणि १८०३ साली पटपडगंज येथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून झालेला पराभव. यानंतर नकाशासंग्रह काढून ही स्थळे पाहावीत. आपल्यापैकी किती तरी कुटुंबे आज यमुनेपलीकडे पटपडगंजच्या परिसरात सदनिका घेऊन राहत आहेत. आपल्या घराजवळच्या बसथांब्याच्या नावात मराठ्यांच्या दिल्लीवरील सत्तेचा शेवट दडलेला आहे, हे त्या मुलाला तेव्हा कळेल.

मग ९५४ च्या फळीकडे जावे. ग्रंथ उघडताच पहिल्या पानापासून वाचत सुटू नये. आधी मुखपृष्ठामागील पान पाहून तो कोणी, कधी लिहिला ते टिपावे; मग अनुक्रमणिका, आणि शेवटी दिलेली नावांची सूची पाहावी. हवी ती दहा पाने सूचीमुळे दोन मिनिटांत सापडतात. या विषयावर दोन थोर इतिहासकारांचे ग्रंथ समोर ठेवता येतील. जदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावर इंग्रजीत चार खंड लिहिले आणि फार्सी साधनांचा त्यात विशेष उपयोग केला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे पंचेचाळीस भाग संपादित केले आणि मराठी रियासतीचे खंड लिहिले. दोघे एकमेकांचे स्नेही; पण एकच घटना दोघांच्या लेखणीतून उतरताना कोठे जुळते आणि कोठे वेगळी दिसते, हे ताडून पाहणे हेच इतिहासाचे खरे शिक्षण. आणि येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. सरकारांचे इंग्रजी ग्रंथ त्या वर्गातील कोणताही हुशार विद्यार्थी वाचू शकेल. रियासत मात्र त्या वर्गात कदाचित आपलाच मुलगा वाचू शकेल. मराठी ही आजीशी बोलावयाची भाषा आहे, एवढेच ज्या मुलास आजवर ठाऊक होते, त्यास ती ज्ञान मिळविण्याचेही साधन आहे, हे अशा वेळी प्रथमच उमगते. आम्ही हा विषय या व्यासपीठासाठी निवडला, तो मुख्यतः याकरिता.

संगणकाशी आमचे वैर नाही. खरगपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शाळकरी मुलांनाही खुले आहे, आणि त्याची ओळख शाळेच्या ग्रंथपालांनीच करून दिली पाहिजे. परंतु संगणकावरील मजकुराला पुष्कळदा लेखक नसतो, तारीख नसते, आणि आधार कशाचा हेही कळत नाही. ग्रंथाच्या बाबतीत कोण, केव्हा आणि कशावरून हे तीन प्रश्न विचारण्याची ज्याला सवय लागली, तो संगणकासमोरही तेच प्रश्न विचारतो. ज्याला ती सवय नाही, त्याला दोन्ही ठिकाणी सारखेच फसविता येते.

आता कुलपाविषयी. हा भाग आम्ही सरकारी नोकर या नात्याने बोलणार आहोत, आणि सभागृहात आमचे अनेक सहव्यवसायी बसले आहेत, ते आम्हांस सांभाळून घेतील.

ईशान्येकडील एका गावी आमची नेमणूक असताना तेथील एका शाळेच्या पालक समितीवर आम्ही होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील ग्रंथसंग्रह उत्तम होता आणि सगळी कपाटे काचेची, कुलूपबंद होती. मुले काचेतून पुस्तकांची नावे वाचीत. ग्रंथपालबाई मनाने चांगल्या होत्या. अधिक विचारपूस करता कळले की, त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांच्या वेतनातून हरवलेल्या पुस्तकांची किंमत वसूल झाली होती. तेव्हापासून किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये असत. वार्षिक तपासणीत एकही पुस्तक कमी भरत नसे, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिले जाई.

आम्ही त्या समितीपुढे एक नियम ठेवला. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ वा नियम ग्रंथालयांविषयी आहे, आणि तो आमच्या मते मोठा शहाणपणाचा आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण मोजणी करावी, असे तो सांगतो. पण त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, वर्षभरात वाचावयास दिलेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी धरता येईल. मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हयगयीमुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास तेवढी चौकशी अवश्य व्हावी. हा नियम केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसाठी आहे. राज्य सरकारच्या व खाजगी शाळांचे नियम निराळे असू शकतील. परंतु त्यातील तत्त्व पाहा. हानीचे प्रमाण कपाटात असलेल्या ग्रंथांवर धरलेले नसून वापरल्या गेलेल्या ग्रंथांवर धरलेले आहे. ज्या शाळेत वर्षाला दहा हजार वेळा पुस्तके मुलांच्या हाती गेली, तेथे पन्नास पुस्तके हरवली तरी तो हिशेब वाजवी ठरतो. जेथे एकही पुस्तक दिले गेले नाही, तेथे एकही हरविण्याची मुभा नाही. पुस्तके वापरली म्हणजे थोडी झिजणार, काही हरवणार, हे खुद्द अर्थ मंत्रालयाने मान्य केलेले आहे. भीती आहे ती नियम न वाचणाऱ्यांच्या मनात.

मुख्याध्यापकांनी हे लेखी मागितले. आम्ही लेखी दिले. तीन कपाटांची कुलपे निघाली, सगळी नाही. वर्षअखेर काही पुस्तके कमी भरली, काहींची पाने निखळली. हरवलेल्यांची यादी नियमाच्या मर्यादेत होती, ती निर्लेखित झाली, आणि कोणाच्याही पगाराला हात लागला नाही. त्यानंतर आमची बदली झाली.

डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पुढे काही वर्षे ते आपल्या दिल्ली विद्यापीठातही होते. त्या पाचांतील अगदी पहिला सिद्धान्त ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, या आशयाचा आहे. इतकी उघड गोष्ट सिद्धान्त म्हणून प्रथम का मांडावी लागली, हे त्या ईशान्येकडील काचेच्या कपाटांसमोर उभे राहिल्यावर आम्हांस समजले.

आपण मराठी माणसांना तर या बाबतीत वारसा आहे, आणि तो महाराष्ट्राबाहेरचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून घेतले आणि आपल्या संस्थानात विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे उभे केले. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्याची सोय केली. मघाशी उल्लेखिलेले रियासतकार सरदेसाई हे याच महाराजांच्या पदरी होते. गुजराती भाषिक मुलखात एका मराठी राजाने हे केले, ही गोष्ट सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या बृहन्महाराष्ट्रातील मंडळाने आठवावी अशी आहे. पेटीची कल्पना जुनी झालेली नाही, हे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने अलीकडे दाखवून दिले आहे.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली, मंडळाने निवडक मराठी पुस्तकांच्या काही पेट्या कराव्यात आणि ज्या शाळांत मराठी मुले आहेत, तेथील ग्रंथपालांकडे एकेका सत्रासाठी त्या रीतसर पोच घेऊन द्याव्यात. घरातील रद्दी आणि जुने दिवाळी अंक दान करून पुण्य मिळविण्याची ही संधी समजू नये. पुस्तके नवी, मुलांच्या वयाला साजेशी आणि मुलांना विचारून निवडलेली असावीत. शालेय वयासाठी बालभारतीचे १९७१ साली सुरू झालेले ‘किशोर’ मासिक त्यात अवश्य असावे.

दुसरी, दिल्लीतील पालकांनी शाळेच्या पुढची पायरीही मुलांना दाखवावी. युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली सुरू झालेले दिल्ली पब्लिक लायब्ररी जुन्या दिल्लीच्या स्थानकासमोर आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये देशातील प्रकाशकाने आपल्या प्रत्येक ग्रंथाची एकेक प्रत ज्या चार ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते, त्यांपैकी हे एक. म्हणजे पुण्यात किंवा कोल्हापुरात छापलेले मराठी पुस्तक कायद्याने दिल्लीत यावयास हवे. आपण ते मागितले, तर आले की नाही हे तरी कळेल.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. पालकसभेस आपण जातो तेव्हा गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांसमोर रांग लागते. पुढील खेपेस त्या रांगेत उभे राहण्यापूर्वी ग्रंथपालांना भेटावे, त्यांचे नाव विचारावे आणि आपल्या मुलाने या सत्रात काय नेले ते पाहावे. ज्यांना कोणी कधी काही विचारीत नाही, त्यांना विचारणारा पालक भेटला की पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात, असा आमचा अनुभव आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. पुस्तक वेळेवर परत करा, कारण ते कोणी तरी दुसरा वाट पाहत असतो. त्यात पेन्सिलीनेही रेघ मारू नका. टिपणे वहीत काढा आणि प्रत्येक टिपणाखाली ग्रंथाचे नाव व पान लिहा. येत्या सोमवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन ८९१.४६ कोठे आहे ते विचारा. जागा रिकामी असेल, तर पुस्तक मागविण्याची सूचना लेखी द्या. सूचनावही कोरी असेल, तर पहिली नोंद तुमची होईल.